नवरदेव निळी झाकणं जमवतो

आमच्या तुळजापूर तालुक्यात दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं की गावागावांतल्या काही घरांना अचानक रंग लागतो. जाणारा-येणारा मोटारसायकल थांबवून, एक पाय जमिनीला टेकवून विचारतो, "काय दाजी, पंचायतीला उभारायलाव का पोराचं बघायलाव?" दोन्हीकडं रंग सारखाच लागतो, म्हणजे पुढच्या भिंतीला. बाजूच्या भिंतीला एक हात मारतात. मागच्या भिंतीचं प्लॅस्टर दहा वर्षांपूर्वी राहिलं ते राहिलंच. तिकडं मतदारही जात नाही आणि सोयराही जात नाही, अशी त्यामागची श्रद्धा.

मग बाकीची तयारी. उकिरडा वाड्याच्या कडेनं मागं सरकतो. ट्रॅक्टर धुऊन अंगणाच्या मधोमध उभा राहतो, अगदी बँकेचा हप्ता थकलेला असला तरी. गेटच्या दोन खांबांवर दोन सिंह बसतात. तुळजापूर-सोलापूर रस्त्याला सिमेंटचे सिंह तयार मिळतात, जोडीनं घेतले की भाव कमी होतो. चुलतभावाच्या घरचा सोफा रात्रीच्या रात्री आपल्या घरी येतो. शेजाऱ्याची कार सकाळपासून आपल्या दारात लागते आणि शेजारी दिवसभर पायी फिरतो. नवऱ्या मुलाला पांढरा शर्ट घालून बसवतात आणि जास्त बोलू नको म्हणून बजावतात.

या विद्येत आपला हात धरील असा एकच जीव पृथ्वीवर आहे. तो ऑस्ट्रेलियात आणि न्यू गिनीत राहतो. बॉवरबर्ड त्याचं नाव.

त्यातली सॅटिन बॉवरबर्ड ही जात घ्या. आकारानं पारव्याएवढी. नर काळाभोर, उन्हात आला की निळी झाक मारणारा. मादी हिरवट. नराला तो काळा-निळा कोट अंगावर चढायला सातवं वर्ष उजाडावं लागतं. तोवर तो मादीसारखाच हिरवा दिसतो आणि उमेदवारी करत हिंडतो. थोरल्या नराच्या मांडवात जाऊन काड्या लावायचा सराव करायचा आणि थोरला आला की पळ काढायचा, हे त्याचं शिक्षण. सात वर्षं तयारी करणारी पोरं पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांतही सापडतील, पण त्यांना शेवटी कोट मिळेलच याची हमी नाही.

सातव्या वर्षी हा गडी स्वतःचा मांडव घालतो. जंगलात जमीन झाडून साफ करतो, काड्या उभ्या रोवून दोन समांतर भिंती उभ्या करतो, मधे एक मादी उभी राहील एवढी बोळ ठेवतो. भिंतींना आतून रंग देतो. पाला चावायचा, लाळेत कालवायचा आणि चोचीनं फासायचा. बोळीच्या तोंडाशी अंगण, आणि अंगणात निळ्या वस्तूंचं प्रदर्शन. पोपटाची निळी पिसं, निळी फुलं. माणसांची वस्ती जवळ असली तर बाटल्यांची निळी झाकणं, निळे स्ट्रॉ, कपडे वाळत घालायचे निळे चिमटे. त्याच्या अंगणात कुणी लाल वस्तू ठेवली तर चोचीत धरून लांब नेऊन टाकतो. मग मादी येते, बोळीत उभी राहते. हा बाहेर चोचीत एक झाकण धरून पंख फुलवतो, नाचतो, आणि घशातून यंत्र बिघडल्यासारखे आवाज काढतो.

यातली खरी गंमत पुढं आहे. हा मांडव म्हणजे घर नव्हे. मादीचं मन बसलं की तिथंच काम उरकतं आणि ती निघून जाते. झाडावर स्वतःचं घरटं स्वतः बांधते, अंडी घालते, पिल्लं एकटीनं वाढवते. नर तिकडं फिरकतसुद्धा नाही. तो पुढच्या पाहुणीसाठी झाकणं नीट लावत बसतो. एवढा रंग, एवढ्या काड्या, एवढी सजावट, सगळी बघण्याच्या कार्यक्रमापुरती. डार्विननं १८७१ च्या आपल्या ग्रंथात या पक्ष्यांची मुद्दाम दखल घेतली, ती माद्यांना सौंदर्याची पारख असते हे सांगण्यासाठी. मादी निवड करते आणि त्या निवडीपायी नर असा घडत जातो, हे त्याचं म्हणणं त्या काळातल्या पुरुष शास्त्रज्ञांच्या गळी उतरायला फार वेळ लागला. आमच्या गावात ते अजून पूर्ण उतरलेलं नाही.

हा पक्षी तुळजापुरात आला असता तर वेडा झाला असता, असं मला मंदिराकडं जाताना नेहमी वाटतं. सॅटिनचं सोडा, त्याचा एक मोठा भाऊबंद आहे, ग्रेट बॉवरबर्ड नावाचा. त्याला पांढऱ्या वस्तूंचं वेड. गोगलगाईचे शंख, वाळलेली हाडं, पांढरे खडे. आता सांगा, कवड्यांच्या माळांनी दुकानंच्या दुकानं मढवलेली आहेत असं दुसरं गाव जगात कुठं मिळणार त्याला? महाद्वाराच्या रस्त्यानं चाललं की दोन्ही बाजूंनी कवड्या, हिरव्या बांगड्या, खण, नारळ, परड्या, पितळेचे टाक, आणि हळदी-कुंकवाचे ते टोकदार ढीग. हा रस्ता म्हणजे त्याची तयार बोळ. त्याला फक्त पलीकडच्या टोकाला उभं राहून आवाज काढायचे बाकी राहतील, आणि ते काम आमचे दुकानदार आधीच करतात: "या मावशी, ओटी घ्या, कवड्याची माळ घ्या, इकडं चपला ठेवा!"

ग्रेट बॉवरबर्डची एक हुशारी मात्र दुकानदारांनीही मानावी अशी आहे. जॉन एंडलर या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ती मांडली. हा पक्षी अंगणातल्या वस्तू वाटेल तशा टाकत नाही. बोळीजवळ बारीक खडे, लांब जाल तसे मोठे, अशी उतरंड लावतो. बोळीत उभ्या राहिलेल्या मादीला त्यामुळं लांबचे मोठे आणि जवळचे बारीक असे सगळे खडे जवळपास एकसारखे दिसतात, आणि त्या सपाट पार्श्वभूमीवर नाचणारा नर आहे त्यापेक्षा भारदस्त वाटतो, असा कयास आहे. शास्त्रज्ञांनी खोडी काढली. खडे उलटे लावून ठेवले, मोठे पुढं आणि बारीक मागं. पक्ष्यानं तीन दिवसांत ते पुन्हा आपल्या मनासारखे लावायला घेतले. आमच्याकडं कुंकवाच्या ढिगाखाली पालथी बादली असते असं म्हणतात; मी हात घालून बघितलेलं नाही, आणि बघणारही नाही. देवीच्या दारात काही गोष्टी समोरून बघायच्याच असतात.

बॉवरबर्ड एकमेकांच्या मांडवावर धाडी घालतात. शेजारी बाहेर गेला की त्याची निळी पिसं पळवतात, भिंती उपसून टाकतात. निळं पीस दुर्मिळ, म्हणून त्याची चोरी जास्त. आमच्याकडं चोरी नाही, उसनवारी आहे. उपसाउपशी मात्र आहे. ती काड्यांची नसते, शब्दांची असते. बघायला आलेल्या पाहुण्यांना वेशीवर चहाच्या टपरीत कुणीतरी हटकतं आणि सहज सांगतं, "चांगलं घर हाय हो. पोरगंबी चांगलं हाय. आता पीत नाही." या एका 'आता'नं भिंती उपसल्या जातात.

ऑस्ट्रेलिया लांब आहे. पण मांडव घालून बसलेले पक्षी बघायला तिकडं जायची गरज नाही. नळदुर्गच्या रस्त्याला लागलं की पावसाळ्यात कुठल्याही विहिरीवर थांबा. नळदुर्ग आमच्याच तालुक्यात, आणि तिथल्या किल्ल्यात, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बांधलेल्या पाणीमहालाच्या धरणावरून जे दोन धबधबे पडतात, त्यांची नावंसुद्धा नर आणि मादी. पाऊस चांगला झाला तरच दोघं एकत्र दिसतात. तालुक्यातल्या बाकीच्या जोड्यांचंही तसंच असतं. सोयाबीनला भाव मिळाला तर.

तर विहीर. काठाला बाभूळ, फांद्या पाण्यावर झुकलेल्या, आणि त्यांना लटकलेले सुगरणीचे खोपे. हे खोपे नर बांधतो. पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या डोक्यावर आणि छातीवर पिवळा रंग चढतो, आणि हा चिमणीएवढा जीव कामाला लागतो. ते काम जवळून बघण्यासारखं असतं. उसाच्या पानाच्या कडेला तो चोचीनं एक खाच पाडतो, खाचेची कड चोचीत घट्ट धरतो आणि सरळ उडतो. उडण्याच्या जोरानं पान उभं फाटत जातं आणि चोचीत लांब, सारख्या रुंदीची हिरवी पट्टी लोंबते. ती पट्टी घेऊन तो फांदीला उलटा लटकतो आणि एक टोक पायाखाली दाबून दुसरं टोक गाठीत घालतो. अशा पट्ट्या आणायला शेकडो खेपा. शेतकरी पान कुरतडलं म्हणून शिव्या देतो आणि मग हात कमरेवर ठेवून बघत उभा राहतो. मी एका म्हाताऱ्याला असं उभं असताना बोललेलं ऐकलंय, "आमच्या पोराला एक गाठ मारता येत नाही गोणीची. ह्याला बगा."

आता नीट बघा. खोपा अर्धा झाला, म्हणजे उलट्या टोपीसारखा घुमट झाला आणि खालून आडवी एक पट्टी आली की नर काम थांबवतो. पुढची नळी, जिच्यातून आत-बाहेर करायचं, ती बांधतच नाही. त्या आडव्या पट्टीवर बसून, खोप्याला लटकून पंख फडफडवायला आणि चिवचिवाट करायला सुरुवात करतो. एकाच झाडावर असे बरेच नर, प्रत्येकाचा अर्धा खोपा, आणि एक मादी आली की साऱ्या झाडाला वारं सुटतं. मादी कुणाच्या खोप्यात शिरते, आडव्या पट्टीवर बसते, इकडं-तिकडं चोचीनं चाचपते. नर फांदीवर मान वाकडी करून बसलेला. ती बाहेर येते आणि शेजारच्या खोप्यात शिरते. हा पुन्हा एखादी पट्टी ओढून घट्ट करतो, जणू तेवढ्यासाठीच नकार आला होता.

होकार आला तर मग तो नळी बांधून खोपा पूर्ण करतो. मादी आतलं थोडंफार आवरून घेते, अंडी घालते, एकटी उबवते. आणि नर? नर शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. नकारच येत राहिला तर अर्धा खोपा वाळतो, हिरव्याचा तपकिरी होतो, वाऱ्यावर हलत राहतो. दिवाळीत बाभळीवर जे अर्धे घुमट लटकलेले दिसतात, त्यांतले बरेच न पटलेल्या स्थळांचे. आमच्या माळावर स्लॅबपर्यंत येऊन थांबलेली, वर सळया काढून ठेवलेली घरं दिसतात, त्यांच्याकडं हे कळल्यापासून मी जरा आदरानं बघतो.

खोप्याच्या आतल्या भिंतीला हे पक्षी ओली माती थापतात. का थापतात यावर आमच्याकडचं उत्तर ठरलेलं आहे: काजवा चिकटवायला, रात्री उजेड हवा म्हणून. शास्त्रज्ञ हे मानत नाहीत. पण लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला ते उत्तर पटतं.

नर दुसरीकडं संसार थाटतो ही भानगड पहिल्यांदा नीट लिहून काढली ती सलीम अलींनी, आणि तीही आपल्या किहीमला. १९३० साली ते जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून मुंबईला परतले, तर वस्तुसंग्रहालयातली त्यांची नोकरी पैशाअभावी बंद झालेली. मुंबईत राहणं परवडेना म्हणून पत्नी तेहमिना यांच्याबरोबर अलिबागजवळ किहीमच्या घरी राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. नोकरी नाही, हाताशी वेळ भरपूर. तो माणूस तासन्‌तास खोपे बघत बसला. कोण कुठं शिरलं, कोण कुणाच्या खोप्यातून निघालं, कुणी कितवा खोपा सुरू केला, सगळ्याची नोंद. पुढल्या वर्षी ते निरीक्षण बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं आणि त्यांचं नाव झालं. बेकार माणूस दुसऱ्याच्या घरात कोण शिरतं ते बघत बसला, आणि त्यातून थोर झाला, असं हे बहुधा एकमेव उदाहरण. आमच्या पारावर हाच अभ्यास तीन पिढ्या चालू आहे, पण कुणी लिहून ठेवत नाही.

आता माणसांकडं येऊ. डिसेंबर २०२२ मध्ये आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर, सोलापूरला, जिल्हाधिकारी कार्यालयावर एक मोर्चा निघाला. मोर्चेकऱ्यांनी बाशिंगं बांधली होती. फेटे, शेरवानी, काही जण घोड्यावर, पुढं वाजंत्री. नवरदेव सगळे खरे होते, फक्त नवऱ्या नव्हत्या, आणि तीच त्यांची तक्रार होती. शेती करणाऱ्या, छोटी-मोठी नोकरी करणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत, सरकारनं काहीतरी करावं. पेपरात फोटो आले, देशभर लोक हसले. घोड्यावरून कलेक्टर कचेरीत जाऊन मुलगी मागणारा नर पक्षिशास्त्रालाही नवा होता.

पण निवेदन वाचलं असतं तर हसू अर्ध्यावर थांबलं असतं. गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा नीट राबवा, ही त्यातली मागणी होती. हा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्रानं केला, १९८८ साली. आणि २०११ च्या जनगणनेत आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं मुली होत्या ८०७. ज्या घरांनी त्या काळी सोनोग्राफीवाल्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं, त्यातल्या कित्येक घरांच्या पुढच्या भिंतीला आता रंग लागतोय. बॉवरबर्डची मादी कधी कमी पडली नाही; तिला कमी करायची अक्कल त्या पक्ष्याला नाही. झाकणं चोरतो, काड्या उपसतो, एवढाच त्याचा गुन्हा.

असो. माझ्या भाच्याच्या बघण्याला मी हजर होतो, मामा म्हणून. मामाचं काम अशा वेळी पाहुण्यांशी पाऊसपाण्यावर बोलणं आणि दाजींना मधे बोलू न देणं एवढंच असतं. ताईनं घर असं सजवलं होतं की मला माझ्याच बहिणीच्या घरात पाण्याचा माठ सापडेना. पुढची भिंत आभाळी. गच्चीवर नवी निळी टाकी. गोठ्यावर नवी निळी ताडपत्री. अंगणात कुणाकुणाच्या घरून आणलेल्या निळ्या खुर्च्या. सॅटिन बॉवरबर्डला तिथं काही दुरुस्ती सुचली नसती.

ताई आदल्या दिवशी तुळजापुरात चिंतामणीला हात लावून आली होती. देवळात तो गोल दगड आहे. दोन्ही हात ठेवायचे, मनात प्रश्न धरायचा, उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. शिवाजी महाराज स्वारीवर निघण्याआधी त्याला कौल लावत, असं सांगतात. मी विचारलं, "काय म्हणला चिंतामणी?" ताई म्हणाली, "आधी डावीकडं गेला. पण मागं बाई ढकलत होती. मंग मी पुन्हा विचारलं."

पाहुणे आले. मुलीचा बाप, मुलीचा मामा, आई, एक आत्या, आणि मुलगी. पूर्वी मुलगी घरी बसायची आणि तिला बघायला जायचे. पोहे तिच्या हातचे, प्रश्न आपले. आता मुलगी स्वतः येते. पोहे ताईच्या हातचे, प्रश्न तिचे. तिनं सोलापूरला बी. फार्मसी केलेलं. सोफ्यावर बसायच्या आधी तिच्या आईनं "जरा हात धुते" म्हणून मागच्या दारानं पाऊल टाकलं, आणि दाजींचा चेहरा पडला. मागची भिंत. संडासाचं दार. दाराला कडी नव्हती, सुतळी होती.

भाचा गप्प बसला होता तोवर बरं होतं. मुलीनं विचारलं, "शेतात काय काय करता?" आणि त्याचा बांध फुटला. ऊस, सोयाबीन, ठिबक, शेडनेट, द्राक्षाचा विचार, ड्रोननं फवारणी, गेल्या वर्षी पंधरा गुंठ्यांत काढलेली सिमला मिरची, त्या मिरचीचे फोनमधले फोटो. एकामागून एक फोटो. मुलगी मागं मागं सरकायला लागली, आणि हा पुढं पुढं.

मला तेव्हा ती यंत्रमादी आठवली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या गेल पॅट्रिसेली यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅटिन बॉवरबर्डची एक यंत्रमादी बनवली. आत मोटारी, बाहेर खरी पिसं. ती मान वळवायची, खाली बसायची, दचकायची. मांडवात उभी करून त्यांनी बघितलं की नर काय करतात. काही नर ती खाली बसली नाही तरी तितक्याच जोरात नाचत राहिले. काहींनी मात्र ती खाली बसली नाही तर आवरतं घेतलं, ती सैल होऊन खाली बसली की जोर धरला. एरवी खऱ्या माद्यांचे होकार या दुसऱ्या प्रकारच्या नरांनाच जास्त मिळत होते. जोर सगळ्यांकडं होता. कधी थांबायचं ते कळणारे थोडे होते.

मी भाच्याच्या पायावर पाय दिला. तो म्हणाला, "मामा, पाय पडला." आणि मिरचीचा पुढचा फोटो दाखवला.

शेवटी मुलगी त्याचं पुरतं ऐकून घेऊन म्हणाली, "मिरची चांगली आहे. पण इथून एसटी किती वाजता असते?"

सगळे दाजींकडं बघायला लागले. दाजी पंख्याकडं. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तर एकही नाही. "गाडी हाय की घरची," ताई म्हणाली. दारातल्या कारकडं सगळ्यांनी बघितलं. नेमका त्याच वेळी कारचा खरा मालक पायी घरासमोरून गेला, आणि जाता जाता काचेवरची धूळ बोटानं पुसून गेला. मालकाखेरीज कुणी असं करत नाही.

नकार दोन दिवसांनी फोनवर आला. मुलीच्या मामाकडून, सभ्य भाषेत. "घर चांगलं हाय, माणसं चांगली हायेत, पोरगा कष्टाळू हाय. पण आडबाजूला पडतंय."

ताईला त्यापेक्षा एका दुसऱ्या मुलाचं जास्त लागलं. तामलवाडीच्या बाजूला, महामार्गालगत त्याचं पत्र्याचं शेड. रंग नाही, सिंह नाही, पुढं टायर पंक्चरचं दुकान. त्याला तीन मुली सांगून आल्या. रस्ता दारात, सोलापूर अर्ध्या तासावर, आणि सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं काम चालू आहे, म्हणजे उद्या स्टेशनही हाकेच्या अंतरावर. मी ताईची समजूत घालायला तिला सुगरणीचं सांगितलं. सुगरणीच्या माद्यांवर २००६ साली एक अभ्यास छापून आला होता. खोपा किती कुसरीनं विणलाय यापेक्षा तो कुठं टांगलाय याला माद्या जास्त भाव देतात, असं त्यात निघालं. झाड, उंची, फांदी. विणकाम नंतर. ताई म्हणाली, "मंग रंगाचे अठरा हजार गेले का?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, त्या अभ्यासातही नव्हतं.

भाच्यानं मात्र कान टवकारले होते. पुढच्या आठवड्यात दाजींनी मला फोन केला, आवाज चढलेला. "मामासाहेब, काय सांगितलंव तुम्ही पोराला? हायवेला दोन गुंठे बघून आलाय. म्हणतो, घर बांधायचं."

"मग चांगलं आहे की," मी म्हणालो.

"आवो, पैसे अर्ध्या घराचेच हायेत! म्हणतो, आधी अर्धंच बांधू. पुढचा दरवाजा, एक खोली, बास. पोरगी येऊन बघून हो म्हणली की उरलेलं बांधतो. नाहीतर तसंच ठिवायचं."

मागून ताईचा आवाज आला, "आन् संडास कुठल्या अर्ध्यात?"

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाचा लांबून ओरडला, "पहिल्या!"